कडेची पोती

जागेश्वरनं बांबूला दोरीचा शेवटचा फास मारला, उरलेलं टोक दातानं तोडलं आणि शिडीवरूनच खाली विचारलं,

"सरळ हाये ना जी, भाऊ?"

भोजराजचं लक्ष फ्लेक्सच्या सरळपणाकडे नव्हतं. तो चेहरे मोजत होता. सत्तावीस भरले. मधोमध त्याची लेक गुंजन, बारावीच्या निरोप समारंभात आईची साडी नेसून काढलेल्या फोटोत. कारण त्यानंतर तिनं घरी एकही धड फोटो पाठवला नव्हता. भोवती सव्वीस शुभेच्छुक. सरपंच राखीताई हात जोडून. त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान धर्मेंद्र, हात न जोडता, आणि सरपंचांपेक्षा बोटभर मोठे. पोलीस पाटील गोमाजी काळ्या चष्म्यात. फ्लेक्स छापणारा राजकुमार स्टुडिओवाला, कोणी न सांगता, खालच्या कोपऱ्यात. गुंजन डी.एड. सोडून पुण्याच्या संस्थेत शिकायला निघाली तेव्हा 'पोट्टी फिजिक्स शिकून तलावातल्या मासोळ्या मोजन का?' असं पानठेल्यावर विचारणारे या सव्वीसांत निदान सहा जण होते. सहाही नावं भोजराजच्या ध्यानात होती. ती आज रंगीत छापून आल्याचं त्याला मोठं समाधान होतं.

"डाव्या बाजूनं चार बोटं वर घे," तो म्हणाला.

फ्लेक्स सरळच होता. पण ज्यानं तीस वर्षं धान खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली, तो कोणतीही गोष्ट पहिल्या झटक्यात पास करत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी भोजराज माणसाकडे पोत्याकडे पाहावं तसंच पाहायचा. आधी बाहेरून शिवण, मग वजनाचा अंदाज, आणि सगळ्यात शेवटी, समोरचा गाफील असताना, पोत्यात घालायच्या टोकदार परखीसारखा एखादा प्रश्न आत खुपसून मूठभर दाणे बाहेर. गावातल्या बहुतेकांची प्रतवारी त्याच्या मनात कधीच होऊन गेली होती. जागेश्वरची तेवढी राहिली होती. सत्काराची कल्पना जागेश्वरची, वर्गणीसाठी फिरणारा जागेश्वर, उन्हात शिडीवर चढलेलाही जागेश्वर. त्याची पोरगी टीना गुंजनला फोनवर विचारून विचारून तुमसरच्या कॉलेजात सायन्सला गेली होती, एवढं कारण त्याला पुरेसं होतं. अशा माणसाला 'अ' दर्जा द्यायला हरकत नव्हती. तरी भोजराजनं तो दिला नव्हता.

तुमसरहून येणारी साडेदहाची एसटी फ्लेक्सच्या खालीच थांबली. गुंजन उतरली.

"आल्या, आल्या! आपल्या सायंटिस मॅडम आल्या!" जागेश्वर शिडीवरून ओरडला.

गुंजननं मान वर केली. 'क्वांटम पदार्थाच्या नव्या अवस्थेचा शोध लावून भंडारा जिल्ह्याचे नाव साता समुद्रापार नेणाऱ्या आमच्या गावच्या कन्येचा भव्य नागरी सत्कार, रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता.' तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. रस्त्यावर तुटून पडलेल्या विजेच्या तारेकडे माणूस जसं पाहतो, तसं पाहत.

"बाबा, हे काढता येईल का?"

"लाजून राहिली," भोजराजनं जागेश्वरला वर कळवलं.

"लाजू द्या जी! अजून तं हार बाकी हाये!"

भोजराज हसला आणि त्यानं तिची बॅग उचलली. बॅग जड होती, चार दिवसांसाठी येणाऱ्या माणसाची नव्हती. शिवाय पोरगी 'कायले लावलं' असं म्हणाली नव्हती, 'काढता येईल का' म्हणाली होती. या दोन वाक्यांतला फरक ओळखण्यात त्याची हयात गेली होती. तो फरक त्यानं ओळखला आणि बाजूला ठेवून दिला.

घरी उषाबाईनं लाखोरीच्या डाळीचे वडे काढायला घेतले होते. गुंजन चुलीजवळच पाटावर बसली आणि एकामागून एक चार वडे खाल्ले. भोजराज समोर खुर्ची घेऊन रविवारचं सांगत होता. आधी दीपप्रज्वलन, मग राखीताई, मग राखीताईंनी बोलून झालेलं पुन्हा सांगायला धर्मेंद्र.

"मंग तू. दहा मिनिटं. गोमाजी म्हणे, पोरीले म्हणा आमाले समजन असं बोल."

गुंजननं पाचवा वडा हातात घेतला होता. तो तिनं ताटात परत ठेवला.

"बाबा, जे छापून आलं ते चूक आहे."

"फ्लेक्सवरचं?"

"नाही. माझ्या पेपरमधलं. शोध म्हणून जो छापला, तो शोध नाहीच."

कढईत तेल तडतडत होतं. उषाबाईनं झारा थांबवला नाही, पण मान वळवली. भोजराजचा पहिला प्रश्न मात्र त्याच्या धंद्याला साजेसा होता.

"कोणी पकडलं?"

"कोणीच नाही. मीच."

"मंग आतापर्यंत कोणाकोणाले माहीत हाये?"

"मला. माझ्या गाईड सरांना. आता तुम्हा दोघांना."

"म्हणजे चार," भोजराज म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं. चार हा आकडा लहान असतो. चार माणसांत गोष्ट राहते.

मग तिनं बाकीचं सांगितलं. पेपर मागं घेण्याचं पत्र तिनं लिहून ठेवलं होतं. सर म्हणत होते, राहू दे. आपण खोटं बोललो नाही, चुकलो. दोनचार वर्षांत दुसरं कोणी तरी दुरुस्त करेल, शास्त्र असंच पुढं जातं. पत्र तिनं एकटीच्या नावानं पाठवलं तर सर अडवणार नव्हते, पण डॉक्टरेटचं काम पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं तरी. आणि याच पेपरच्या जोरावर बाहेरच्या देशातल्या प्रयोगशाळेनं तिला जी जागा देऊ केली होती, ती गेल्यातच जमा. खोली सोडून ती सगळं सामान घेऊन आली होती, कारण पुढं कुठं राहायचं हेच ठरत नव्हतं.

भोजराजनं सगळं ऐकून घेतलं.

"आज गुरुवार. रविवार होऊ दे. सोमवारी पाठव तुझं पत्र. कोण नाही म्हणते?"

"आणि रविवारी माइकवर काय बोलू?"

"दहा मिनिटं तं बोलाचं हाये."

"खोटं बोलाले दहा मिनिटं लय होते जी," उषाबाई वडा उलटत म्हणाली. "दोन मिनिटातच घसा सुकते."

शुक्रवारी सकाळी भोजराज लेकीला घेऊन शेतावर गेला. उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी कालव्याचं पाणी सुटलं होतं आणि खालच्या दोन बांध्या भरत होत्या. बांधी म्हणजे धानाचा पाणथळ तुकडा. तिच्या चारी बाजूंनी मातीचा धुरा. आत चिखल, त्यामुळे चालायचं ते धुऱ्यावरूनच. पुढं भोजराज, मागं गुंजन, चप्पल हातात घेऊन.

"आता मले समजावून सांग," तो म्हणाला. "मी ग्रेडर हावो. माल पाह्यल्याशिवाय मी कोणाले नापास करू देत नाही. माह्या पोरीलेबी नाही."

गुंजन थांबली. समोरच्या बांधीकडे पाहत तिनं सुरुवात केली.

"आमचा एक तुकडा आहे, नखावरच्या पांढऱ्या डागाएवढा. त्याला आम्ही एवढं थंड करतो की तेवढी थंडी निसर्गात कुठंच नसते. मग आतून वीज जायची बंद होते. पूर्ण बंद. पण कडेकडेनं जाते. आता आपण कसे चाललो? बांधीतून नाही, धुऱ्यावरून. तसं."

"बरं."

"आणि कडेवर खड्डा असो, कचरा असो, ती अडत नाही. वळसा घालते आणि पुढंच जाते, मागं फिरत नाही."

"एवढी कायची गुर्मी तिले?"

गुंजन हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"कारण ती नुसत्या कडेची करामत नसते बाबा. आतले सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेले असतात. असे गुंतलेले की एकाची वेगळी नोंद काढताच येत नाही. हा असा आहे, तो तसा आहे, असं म्हणताच येत नाही. नोंद असते ती सगळ्यांची मिळून. कुठलाही एक कोपरा तपासा, काही दिसणार नाही. अख्खा तुकडा मिळूनच ती अवस्था असते. कापल्याशिवाय, फाडल्याशिवाय ती जात नाही."

ज्याची वेगळी नोंद निघत नाही असा माल भोजराजला पसंत पडण्यासारखा नव्हता.

"मंग पास-नापास कसं करता?"

"कडेची वीज मोजून. ती एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबली पाहिजे. आमची थांबली होती."

"मंग चुकलं कुठं?"

"डिसेंबरमध्ये मी पुढच्या प्रयोगासाठी जास्त रुंद तुकडा केला. त्यात वीज वाढली."

भोजराज दोन पावलं चालला आणि थांबला. त्याला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. धुऱ्यावरून चालणाऱ्याला बांधी किती रुंद आहे याच्याशी काय देणंघेणं?

"म्हणजे ती कडेनं जातच नव्हती."

"नव्हती. आतूनच झिरपत होती. पहिल्या तुकड्यात योगायोगानं आकडा बरोबर जुळला होता."

"पहिला तुकडा म्हणतेस. एकूण केले किती?"

गुंजननं चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

"अकरा."

"आन् आकडा जुळला कितीत?"

"एकात. बाकीचे दहा बिघडलेले असतील असं धरून आम्ही सोडून दिले."

भोजराजचा चेहरा लाल झाला. त्याला लेकीचं दुःख कळलं होतं, पण हे ऐकून त्याच्यातला ग्रेडरच आधी पेटला.

"अकरा पोत्यांत एका पोत्यात परखी घातली आन् अख्खा ट्रक पास केला? अवं, व्यापाऱ्याचा ट्रक आला का आमी कडेच्या पोत्यांले हातबी लावत नव्हतो! चांगला माल तो कडेलेच रचते, का हात तिथंच पोचते म्हणून. मी मंधातली पोती खाली काढाले लावो. हमाल शिव्या देत, व्यापारी चहा सांगे, तरी काढाले लावो. आन् तुमी एवढे शिकलेले..."

"हो," गुंजन म्हणाली. "आम्ही कडेचं पोतं उघडलं."

तिनं बचाव केला नाही, त्यामुळे भोजराजला पुढं ओरडता येईना. पाणी धुऱ्याला लागून हळूहळू चढत होतं.

"बाबा, तुमच्याकडं ते ओल मोजायचं मीटर होतं ना. त्यानं कधी चुकीचं दाखवलं तर काय करत होता?"

"दुसऱ्या मीटरवर पाह्यत होतो."

"आणि तोपर्यंत ज्यांचा माल परत पाठवला असेल, त्यांना काय सांगत होता?"

तिनं ते खरोखर जाणून घ्यायला विचारलं होतं. पत्राचं शेवटचं वाक्य तिला जमत नव्हतं आणि तीस वर्षं माल पास-नापास करणारा माणूस समोर होता. पण भोजराजला एकदम धुऱ्यात खेकड्याचं बीळ दिसलं. तो वाकला, चिखलाचा गोळा उचलून त्यात कोंबला, वरून टाच मारली, दुसरा गोळा कोंबला. बराच वेळ तो ते बीळ बुजवत राहिला. गुंजननं पाहिलं की पाणी तिथून झिरपत नव्हतंच.

आठ वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात जागेश्वर ट्रॅक्टरनं बेचाळीस पोती धान घेऊन केंद्रावर आला होता. मीटरवर आकडा आला अठरा पूर्णांक नऊ. सतरा टक्क्यांच्या वर ओल असली की माल परत, हा नियम. जागेश्वरनं दाणा दाताखाली धरून फोडला होता, कट्ट असा आवाज झाला होता. 'चावून तं पाहा भाऊ, वाळून खडखडीत हाये,' तो म्हणाला होता. आधीचे ग्रेडर चावूनच पाहायचे. पण भोजराजला नव्या मशीनचा अभिमान होता. 'तुह्या दाताचा दाखला कागदावर चालत नाही,' तो सगळ्यांदेखत म्हणाला होता आणि सगळे हसले होते. जागेश्वरनं केंद्राच्या आवारातच धान पसरलं. तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, दोन दिवस पडला आणि धानाला कोंब फुटले. शेवटी ते जनावरांपुढं गेलं.

त्यानंतर आठवड्याभरानं भोजराजला शंका आली. घरच्या कोठीतलं वर्षभराचं जुनं धान त्यानं मूठभर नेऊन मीटरमध्ये टाकलं. सतरा पूर्णांक सहा. जे धान दगडासारखं कोरडं, त्याला मशीन ओलं म्हणत होतं. भोजराजनं मीटर बदलून घेतलं, अर्जात 'बॅटरी खराब' असं कारण लिहिलं आणि विषय संपवला. त्या पंधरवड्यात परत गेलेल्या बाकीच्यांनी माल पुन्हा वाळवून आणला होता, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एकट्या जागेश्वरचं.

आणि त्याला नाव पडलं. वल्ला जागेश्वर. ओलं धान घेऊन येणारा, कोणतंही काम अर्धवट करणारा. लग्नाच्या पंगतीत पत्रावळ ओली निघाली तरी कोणी म्हणायचं, जागेश्वरनं पुसली असन. त्याची बायको निर्मलाबाई तर दर हंगामात शेजारणींना सांगायची, यांच्या भरवशावर मी आता धान वाळू घालत नाही, खळ्यावर मीच उभी राहते बाप्पा. जागेश्वर हे सगळं हसून घ्यायचा. काही वर्षांनी तोही मान्य करू लागला, की हो, त्या साली आपलं वाळवणं कमीच पडलं असेल.

हे भोजराजच्या डोळ्यांदेखत घडत गेलं. जागेश्वरची प्रतवारी करायला तो बसायचा आणि त्याचं नाव काढलं की सोबत स्वतःचं नाव येऊन उभं राहायचं. एकट्याची नोंद निघतच नव्हती.

शनिवारी सकाळी गुंजन ओसरीच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. घरात मोबाईलचं नेटवर्क तेवढ्या एका कोपऱ्यात यायचं. भोजराज समोरून तीनदा गेला.

"लिहून झालं?"

"शेवटचं वाक्य जमलं."

"काय लिहिलं?"

"की हे आमच्या लक्षात यायला उशीर झाला, आणि मधल्या काळात ज्यांनी यावर विसंबून काम केलं त्यांची मी क्षमा मागते." तिनं मान वर केली. "पाठवू?"

"मले कायले विचारते? माल तुहा हाये."

तिनं बोट टेकवलं. काही आवाज झाला नाही, काही हललं नाही. उषाबाई दारात उभी होती. तिनं पदरानं हात पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. गुंजन तशीच बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. भोजराजनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि खुंटीवरची टोपी काढली.

"कुठं चाललात?"

"जागेश्वरकडे. कार्यक्रम रद्द कराले सांगतो."

जागेश्वरच्या अंगणात मंडपवाल्यानं खुर्च्या आणून टाकल्या होत्या. प्लास्टिकच्या लाल खुर्च्यांचे चार उंच ढीग, त्यांच्या मधे उभा राहून जागेश्वर माइकच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळत होता.

"या जी, या! सव्वाशे खुर्च्या सांगितल्या. कमी पडन का?"

"एकबी नको," भोजराज म्हणाला. "कार्यक्रम रद्द कर."

जागेश्वरला वाटलं, हा मस्करी करतो आहे. मग त्यानं चेहरा पाहिला आणि वायर खाली ठेवली. भोजराजनं उभ्या उभ्या सांगितलं. शोध चुकला. गुंजनलाच चूक सापडली. पत्र आजच गेलं. उद्या सत्कार कशाचा करायचा, हे त्यालाच कळत नाही.

जागेश्वरनं हातातल्या चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबून चिकटवलं.

"टीनाले काय सांगू?" तो म्हणाला. "गुंजनताई, गुंजनताई करत राह्यते पोट्टी." मग एकदम काही सुचल्यासारखा तो थांबला. "पण कोणी पकडलं नव्हतं म्हणता?"

"नाही."

"चूप राह्यली असती तं?"

"कोणाले पत्ता लागला नसता."

"आन् तरी सांगितलं? सोताहून?" जागेश्वरच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं. "असं कोणी करते का जी? आपण तं नाही पाह्यलं बाप्पा, एवढ्या वयात. तुमी पाह्यलं?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर भोजराजनं तो सहज परतवला असता. टोमण्यांना उत्तर देण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यानं टोपी काढली, उलटी करून आत पाहिलं आणि परत घातली.

"जागेश्वर, तुहं धान वाळलेलं होतं."

"कोणतं धान?"

जागेश्वरला कोणतं धान ते कळलं होतं. चिकटपट्टीचा गुंडा त्याच्या हातातून सुटला आणि खुर्च्यांखाली घरंगळत गेला.

"मीटर चुकीचं दाखवत होतं," भोजराज म्हणाला. "आठवड्याभरानं समजलं. मी बदलून घेतलं. तुले सांगितलं नाही."

गुरांच्या गोठ्याकडून शेणाचा वास येत होता. कुंपणापलीकडून कोणाची तरी मोटरसायकल गेली, हॉर्न वाजवून. जागेश्वरनं सवयीनं हात वर केला आणि तो खाली घ्यायचा विसरला. भोजराज वाट पाहत होता. शिवीची, ढकलण्याची, कशाचीही. आपल्याला काय मिळेल याचा हिशोब त्यानं येताना वाटेत करून ठेवला होता आणि त्यातलं काहीही चाललं असतं.

जागेश्वरनं घराकडे तोंड वळवलं.

"निर्मले! ओ निर्मले! बाहेर ये."

"हात भरले हायेत माहे!" आतून आवाज आला.

"तशीच ये."

निर्मलाबाई कणकेचे हात तसेच पुढं धरून बाहेर आली. नवऱ्याचा असा आवाज तिनं बऱ्याच वर्षांत ऐकला नसावा. तिनं आधी त्याच्याकडे, मग भोजराजकडे पाहिलं.

"काय झालं जी भाऊजी?"

"पहिल्यापासून सांगा," जागेश्वर भोजराजला म्हणाला. "मले जसं सांगितलं तसं नोका सांगू. पहिल्यापासून. मी पोती उतरवली तिथून."

भोजराजनं पहिल्यापासून सांगितलं. बेचाळीस पोती. अठरा पूर्णांक नऊ. दाणा फोडल्याचा आवाज. आपण काय बोललो ते, आणि कोण कोण हसलं ते. पाऊस. घरच्या कोठीतलं मूठभर धान आणि त्याचा आकडा. अर्जातली बॅटरी. तो एकही गोष्ट गाळू शकला नाही, कारण एखादी गोष्ट त्यानं ओलांडली की जागेश्वर शांतपणे म्हणायचा, "त्याच्या आधी मी चावून दाखवलं होतं," आणि भोजराजला मागं जावं लागायचं.

निर्मलाबाई ऐकताना भोजराजकडे पाहत नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत होती. बोटांवरची कणीक वाळून पांढरी पडली होती.

"आठ साल मी या माणसाले खळ्यावर उभं राहू देलं नाही," ती म्हणाली. ते तिनं कोणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं.

मग ती ढिगाजवळ गेली, कणकेच्या हातांनीच वरची एक खुर्ची ओढून काढली आणि नवऱ्याच्या मागं आणून टेकवली.

"बसा."

"अवं, मी कायले..."

"बसा म्हणते ना."

जागेश्वर बसला. अंगणात सव्वाशे खुर्च्या होत्या. दुसरी तिनं काढली नाही. भोजराज उभाच राहिला.

"कार्यक्रमाचं काय म्हणत होता तुमी?" तिनं विचारलं.

"रद्द कर म्हणलं. पोरीचा शोध..."

"पोरगी काही चोरी करून आली का?" निर्मलाबाई म्हणाली. "चुकली तं चुकली म्हणून सांगितलं. तिचा नाही कराचा तं मंग सत्कार कोणाचा कराचा जी या गावात? त्या धर्मेंद्रचा? खुर्च्या आल्या, मायक आला, शंभर लोकाचा चिवडा सांगून झाला. तिनं जे सांगाचं ते उद्या मायकावर सांगाव. टीनालेबी आयकू द्या, का असं बी राह्यते म्हणून."

"बरं," भोजराज म्हणाला.

"आन् भाऊजी, तुमी घरी येऊन सांगितलं ते सांगितलं. पण वल्ला जागेश्वर यांले घरात कोणी म्हणत नाही. गावात म्हणतात."

"जाऊ दे निर्मले," जागेश्वर खुर्चीतून म्हणाला.

"तुमी गप राहा."

भोजराजनं माइककडे पाहिलं. वायरला अर्धीच चिकटपट्टी लागली होती. उद्या त्याच्यासमोर सव्वीस शुभेच्छुक बसणार होते, काळा चष्मा लावून गोमाजी, सरपंचांहून बोटभर मोठे धर्मेंद्र आणि पानठेल्यावरचे ते सहा जण. त्यातल्या प्रत्येकाचं वजन, ओल आणि कचरा त्याला तोंडपाठ होता. त्यानं खाली वाकून खुर्च्यांखालचा चिकटपट्टीचा गुंडा काढला आणि जागेश्वरच्या हातात दिला.

"गुंजनच्या आधी बोलू का मागून?" त्यानं विचारलं.

निर्मलाबाई आत जायला वळली होती.

"आधी," ती म्हणाली. "तुमचं जुनं हाये."